आबाजी कुठं बदलला

लालमहंमद शेख यांनी बोरवाडीच्या स्टेजवर आजवर किती माणसं मारली, किती जणांच्या जमिनी गिळल्या आणि किती पोरींची ठरलेली लग्नं मोडली, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दरवर्षी जत्रेत गावचं नाटक व्हायचं आणि दरवर्षी त्यातले खलनायक लालभाईच असायचे. अंगानं भरदार, भुवया दाट, आणि आवाज असा की हायवेवरच्या ट्रकनं हॉर्न मारावा तर तोही मागं पडावा. नळदुर्गच्या अलीकडं रस्त्याला लागूनच त्यांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. दिवसभर लाकूड-लोखंडाच्या ठोकाठोकीत ओरडून बोलायची सवय. ती संध्याकाळी तालमीत कामाला यायची. नाटकात ते आले की पुढं बसलेल्या बाया कडाकडा बोटं मोडायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांतलीच एखादी बाजारात भेटून म्हणायची, "लालभाई, काल लई छळलं बघा तुमी त्या पोरीला." मग लालभाई आठवडाभर खुशीत.

त्यांची थोरली लेक रुबिना लोहाऱ्याच्या तहसील कार्यालयात कारकून होती. सकाळी जीपनं जायची, दिवे लागायच्या सुमाराला परत यायची. कॉलेजात असताना तिनं दोन एकांकिका लिहिल्या होत्या, गॅदरिंगमध्ये त्या बऱ्या झाल्या होत्या, आणि तेवढंच. पण गावचं नाट्यमंडळ चालवणाऱ्या बलभीम गुरुजींनी ती गोष्ट लक्षात ठेवली होती. मराठी शिकवूनच ते निवृत्त झालेले. एका रविवारी ते कारखान्यात आले आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसत म्हणाले, "लालभाई, पुस्तकातली नाटकं लोकांना तोंडपाठ झालीत. आपण बोलायच्या आधी खालून बोलत्यात. औंदा नवं पायजे. आन ते रुबिनानं लिहायचं."

रुबिना अब्बांचा डबा द्यायला आली होती. तिनं तोंड उघडायच्या आधीच अब्बा म्हणाले, "लिहिती की! न लिहायला काय झालं?" आणि तिच्याकडं वळून, "माझा रोल तेवढा दणक्यात पायजे बघ."

घरात सगळे दखनीत बोलायचे, पण नाटकाचं बोलणं निघालं की बाप-लेक आपोआप मराठीवर यायची. त्यानंतरचे कित्येक दिवस त्या घरात मराठीच जास्त ऐकू आली.

नाटकाचं नाव ठेवलं 'सामायिक विहीर'. दोन भावांत एक विहीर. धाकटा भाऊ वारला, मागं त्याची बायको काशी. थोरला भाऊ आबाजी, गावात दरारा असलेला. भाऊ गेल्यावर तो मोटरीच्या स्टार्टरला कुलूप घालतो आणि काशीची पाण्याची पाळी बंद करतो. तिचा कांदा वाळायला लागतो. आबाजीचा जाच, काशीची जिद्द, आणि शेवटी तिचं लांबलचक भाषण. ते ऐकून आबाजी ढसाढसा रडतो, हात जोडतो आणि किल्ली तिच्या हातात देतो.

समाजमंदिरात वाचन झालं. शिवांजली काशीचं काम करणार होती. गावात तिचं ब्यूटी पार्लर होतं. आजवर बायांच्या कामाला नट्या सोलापूरहून यायच्या. स्टेजवर उभी राहणारी गावातली ही पहिलीच. शेवटचं भाषण ऐकताना तिचे डोळे भरले. टाळ्या वाजल्या. बलभीम गुरुजींनी उठून रुबिनाच्या डोक्यावर हात ठेवला.

अब्बा म्हणाले, "चांगलंय."

हे 'चांगलंय' रुबिना लहानपणापासून ओळखत होती. सुतारानं जोडलेली फळी बघून अब्बा असंच म्हणायचे आणि तो गेला की स्वतः जाऊन ती उकलायचे. घरी आल्यावर तिनं त्यांना गाठलंच.

"काय कमी आहे, ते सांगा अब्बा."

"काय न्हाय. टाळ्या पडल्या की."

"सांगा ना."

अब्बांनी टोपी काढून खुंटीला लावली. "पैल्या अंकातला आबाजी मला कळला. लई बेरकी माणूस. शेवटचा आबाजी बी ठीकाय, रडतोय. पण मधी हा गडी गेला कुठं? काल शिव्या देत हुता, आज पाया पडतोय. म्या पाठ करीन, रडीन बी. पण ते खोटं हुईल."

"काशीचं बोलणं ऐकून बदलला तो."

"बोलण्यानं?" अब्बा हसले. "तू एक काम कर. शेवट काढून टाक. त्याला वाईटच राहू दे. म्या असा करतो की लोक स्टेजवर दगड मारतील. लोकांना माझ्याकडनं तेच पायजे असतं."

रुबिनाला राग आला. तो दोन गोष्टींचा होता. एक म्हणजे त्यांचं पहिलं बोलणं खरं होतं, म्हणून. आणि दुसरं म्हणजे त्यांनी काढलेला उपाय तिला अजिबात मान्य नव्हता, म्हणून. आबाजीला शेवटपर्यंत दगडच ठेवायचा तर नाटक लिहायचंच कशाला? बांधाबांधाला असले आबाजी बसलेले आहेत, ते लोकांना रोज दिसतात.

"आबाजी बदलणारच," ती म्हणाली. "कसा, ते मला शोधू द्या."

तिनं बरंच शोधलं. एकदा आबाजीला विहिरीत पाडलं आणि काशीकडून वर काढून घेतलं. वाचून तिचं तिलाच हसू आलं. उपकाराखाली दबलेला माणूस काही बदललेला नसतो, तो नुसता दबलेला असतो. एकदा त्याच्या स्वप्नात मेलेला भाऊ आणला. एकदा त्याला आजारी पाडलं. ते सगळे कागद चुलीत गेले. जीपमध्ये बसली की ती खिडकीतून बाहेर बघत आबाजीशी बोलायची. तो काही उत्तर द्यायचा नाही. त्याला भुवया होत्या, आवाज होता, पण सकाळी उठल्यावर तो काय करतो, काय खातो, कुणाला भितो, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

एक दिवस लोहाऱ्याच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत ती बसली होती. शेजारी एक बाप आपल्या कॉलेजातल्या पोरीला बसवून द्यायला आला होता. पोरीशी एक शब्द बोलत नव्हता. ड्रायव्हरला मात्र दरडावून सांगत होता, "हळू चालव. आन टपावर कुणाला घेऊ नको." रुबिना त्याच्याकडं बघत राहिली. तिला अब्बा आठवले.

बी.ए. झाल्यावर तिनं स्पर्धा परीक्षेचं नाव काढलं, तेव्हा अब्बांनी सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. लालमहंमदची पोरगी बाहेरगावी खोली करून राहणार? लोक काय म्हणतील? विषय तिथंच संपला होता. ती घरीच अभ्यासाला बसली. अब्बा बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग कधीतरी ती पुस्तक घेऊन बसली की ते टीव्हीचा आवाज कमी करायला लागले. विचारलं तर म्हणायचे, माझं डोकं दुखतंय. मग कारखान्यात जास्तीची झाली म्हणून एक ट्यूबलाइट आली आणि नेमकी तिच्या टेबलावर लागली. परीक्षेला लातूरला जायचं होतं तर अब्बांचं त्याच दिवशी लातूरला पत्रा आणायचं काम निघालं. आणि नोकरी लागल्यावर गुलबर्ग्याचे मामू घरी येऊन कुरकुरले, पोरीची जात, रोज जीपनं एवढ्या लांब जाते, लोक काय म्हणतील. तेव्हा हेच अब्बा कडाडले होते, "लोक काय म्हणत्यात ते म्या सांगतो. लालमहंमदची पोरगी तहसीलला बसती म्हणत्यात!"

जीप सुटली तरी रुबिना त्याच वाक्यावर थांबली होती. पहिल्या वेळीही 'लालमहंमदची पोरगी' आणि शेवटीही 'लालमहंमदची पोरगी'. माणूस तोच, त्याचा ताठा तोच. ज्या ताठ्यानं तिची वाट अडवली, त्याच ताठ्यानं पुढं तिची पाठ राखली. आणि या सगळ्यात त्यांनी एकदाही 'मी बदललो' असं म्हटलं नव्हतं. बहुतेक त्यांना ते कळलंही नसावं.

त्या संध्याकाळी ती जेवायलाही उठली नाही. आबाजी आता बोलायला लागला होता, आणि तो काही केल्या थांबेना.

नव्या नाटकात आबाजी स्टार्टरला कुलूप घालतो, ते विहीर त्याच्या बापानं खोदली आणि तिला त्याच्या घराण्याचं नाव लागलं म्हणून. काशी मागं हटत नाही. घागरीनं पाणी नेऊन कांदा जगवते. आबाजी बांधावर उभा राहून तिची टिंगल करायला येतो आणि वाफे बघून नुसताच निघून जातो. मग एक दिवस घरात उगाच चिडतो, काशीच्या पाळीच्या दिवशी बंद राहून मोटर गंजायला लागली म्हणून. दुसऱ्या दिवशी मोटर 'तपासायला' चालू करतो, आणि पाणी काशीच्या वाफ्यात जातंय हे दिसत असूनही बिडी संपेपर्यंत बंद करत नाही. पुढं शेजारचा एक जण काशीला म्हणतो, तुझी जमीन मला खंडानं लावून दे, तुला दीर काही पाणी देणार नाही. ते आबाजीच्या कानावर येतं आणि तो त्या माणसाची गचांडी धरतो. "आमच्या घरातल्या बाईला पाणी द्यायचं का न्हाय, ते तू ठरवणार?" म्हणजे काशी त्याच्या घरातली झाली. त्याच्याच तोंडून. शेवटचं भाषण रुबिनानं काढून टाकलं. रडणंही काढलं, हात जोडणंही काढलं.

दुसऱ्यांदा वाचन झालं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.  बलभीम गुरुजी चष्मा पुसत राहिले. शिवांजली म्हणाली, "माझं भाषण गेलं. पण जाऊ दे, हेच पायजे." अब्बा मात्र उठले, चपला घालून बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशी तालमीला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

"क्या लिखी गे तू?" अम्मीनं, म्हणजे रजियाबीनं, भाकरी थापता थापता तिला विचारलं. "तुझे अब्बा दोन दिवस झाले, नीट जेवले नाहीत. नुसते ट्यूबलाइटकडं बघतात."

 रुबिनाला वाटलं होतं, विहीर घातली, मोटर घातली, आबाजीला हिंदू शेतकरी केला, आता कोण ओळखणार? ज्यानं ओळखायचं त्यानं ओळखलं होतं.

ती कारखान्यात गेली. अब्बा एका ट्रकच्या सांगाड्यापाशी उभे होते. कामगारांना त्यांनी चहाला पाठवलं.

"लोकांना कळंल," ते म्हणाले.

"काय कळंल? आबाजी तुम्ही नाही, अब्बा. त्याला विहीर आहे, त्याला मेलेला भाऊ आहे. तुमच्यापेक्षा तो चिक्कू आहे, आणि बिड्या ओढतो. तुमच्याकडून मी फक्त माणूस कसा वळतो ते घेतलं. बाकी सगळा तो त्याचा आहे."

अब्बांनी लाकडावरून हात फिरवला, कुठं कुसळ राहिलंय का बघावं तसा. 

"मग एक कर," ते म्हणाले. "शेवटाला त्याच्या तोंडी एक वाक्य घाल. 'काशी, माझं चुकलं.' एवढंच. म्या ते नीट म्हणीन."

रुबिनानं त्यांच्याकडं बघितलं. ते वाक्य कोणासाठी मागताहेत, हे तिला कळत होतं. घालणं सोपं होतं. लिहायला एक क्षण लागला असता, आणि जत्रेत सगळ्या गावासमोर अब्बांनी ते म्हटलं असतं. तिच्यातल्या लेकीला ते ऐकायची इच्छाही होती. पण तिच्या डोळ्यांसमोर आबाजी बांधावर उभा होता, आणि तो नाही म्हणून मान हलवत होता.

"नाही अब्बा," ती म्हणाली. "तो असं म्हणणार नाही."

"का न्हाय?"

"म्हणवत नाही त्याला. तो पाणी देईल, पण म्हणणार नाही. म्हटलं तर तो आबाजी राहायचा नाही."

 अब्बांच्या मिशा हलल्या आणि ते एवढ्या मोठ्यानं हसले की टपरीवर चहा पीत असलेले कामगार वळून बघायला लागले.

"बापाचं बी ऐकंनास का गं लेखिकाबाई?"

"नाटकातलं नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले. "ऐकलं असतंस तर म्याच म्हणलो असतो, हिला काय येत न्हाय." आणि टोपी नीट करत, "चल. तालमीला उशीर हुतोय."

जत्रेच्या दिवशी पोलिसांनी दहाच्या आत आवरायला सांगितलेलं, म्हणून दिवेलागणीलाच पडदा वर गेला. शाळेचं मैदान माणसांनी भरून गेलं होतं. लांबून पाळण्यांचा आवाज येत होता. स्टेजवर पुठ्ठ्याचा विहिरीचा कठडा आणि खांबावर खराखुरा स्टार्टरचा डबा, लालभाईंच्या कारखान्यातून आणलेला. रुबिना विंगेत उभी होती. 

लालभाई आले आणि शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. लोकांना वाटलं, आपला नेहमीचा माणूस आला. पहिला अंक त्यांनी लोकांना हवा तसाच केला, बाया बोटं मोडायला लागल्या, कुणीतरी "लालभाई, लाज धरा!" म्हणून ओरडलंही. दुसऱ्या अंकात ते बांधावर आले, वाफ्यांकडं बघितलं आणि टिंगल न करताच वळले. तेव्हा एकदोन जण हसले, पण ते हसणं मधेच थांबलं. मोटर सुरू करून बिडी ओढायचा प्रवेश आला. लालभाईंना त्यात एकही वाक्य नव्हतं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस गप्प उभा होता, पाण्याकडं बघत होता आणि बिडी हळूहळू ओढत होता, कारण ती संपली की मोटर बंद करावी लागणार होती. पुढच्या रांगेत नागूबाई म्हणून म्हातारी बसली होती, दरवर्षी लालभाईंना शिव्या देण्यात पहिली. तिला राहवलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "आरं, आनिक एक पेटीव की!"

मैदानभर हसू फुटलं. हसता हसता सगळे आबाजीच्या बाजूचे झाले होते. रुबिनानं विंगेतला बांबू घट्ट धरला. नागूबाईच्या त्या ओरडण्याएवढी मोठी पावती तिला कुणी देऊ शकलं नसतं.

शेवटच्या प्रवेशात आबाजी येतो, कुलूप काढतो आणि ते विहिरीत भिरकावतो. काशी बघत उभी. तो तिच्याकडं न बघता गुरकावतो, "सोमवारपासनं तुझी पाळी. टायमावर मोटर लावत जा. मला दुसऱ्यांदा सांगाय लावू नगंस." आणि निघून जातो. बस्स. शिवांजली एकटी उभी राहिली, तिनं पदर खोचला आणि पाण्याचा दांड फोडायला खोरं उचललं. पडदा पडला.

 माणसं टाळ्या वाजवत उठायला लागली. मागच्या रांगांतले खुर्च्यांवर चढले.

बलभीम गुरुजींनी रुबिनाला ओढतच स्टेजवर आणलं आणि माईक लालभाईंच्या हातात दिला. आबाजीचं धोतर नेसलेले, तोंडाला रंग फासलेले अब्बा माईकसमोर उभे राहिले. स्टेजवर त्यांना असं अडखळताना कुणी बघितलं नव्हतं.

"इतकी वर्सं," ते म्हणाले, "तुमी मला बघून शिव्या दिल्या. म्या खूश व्हायचो. पण आज मला कुणीतरी माणूस करून हितं उभं केलं. ती ही. रुबिना. माझी लेक हाय."

 त्यांनी माईक गुरुजींकडं दिला आणि लेकीला हात धरून स्वतःच्या पुढं उभं केलं, लोकांना नीट दिसावी म्हणून. टाळ्या चालू होत्या. खाली अम्मी दोन बायांना सांगत होती की ती या पोरीची आई आहे. त्या बायांना ते आधीपासून माहीत होतं, पण त्या ऐकून घेत होत्या.

जत्रा उलगली. सोमवारी रुबिना नेहमीसारखी जीपमध्ये बसली. पुढच्या सीटवर रामहरी नावाचे एक शेतकरी होते, त्यांच्या शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन. दोघांत वाद पेटला होता.

"उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आबाजी पुन्हा कुलूप घालतोय बघा," रामहरी म्हणत होते. "असली माणसं म्या बघितलीत."

"न्हाय घालत. कुलूप हिरीत टाकलंय त्यानं!"

"बाजारात दुसरं मिळत न्हाय व्हय?"

"मिळतंय. पण इकत आणायला त्याला गावातनं जावं लागंल. चारचौघांत बोललाय तो, आमच्या घरातली बाई म्हणून. मेला तरी शब्द फिरवायचा न्हाय." बाई मागं वळली. "तुमी बघितलं का म्याडम नाटक? तुमाला काय वाटतं?"

रुबिनाला आधी गप्प बसावंसं वाटलं. मग तिनं ओढणी सारखी केली.

"मी लिहिलंय ते," ती म्हणाली.

जीपमधली सगळी डोकी वळली. ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून बघितलं. रामहरी गडबडीनं टोपी सावरत म्हणाले, "मग तुमीच सांगा की. घालतोय का न्हाय कुलूप?"

रुबिनानं खरंच विचार केला. आबाजी तिच्या डोळ्यांसमोर आला, उन्हाळ्यातल्या तळ गाठलेल्या विहिरीत डोकावणारा, कपाळाला आठ्या घातलेला. तो तिच्या ओळखीचा होता, पण आता तिच्या एकटीच्या ओळखीचा राहिला नव्हता.

"ती भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "पण बाई म्हणतात तसंच होईल, असं वाटतं. भांडेल, ओरडेल, काशीला चार शब्द ऐकवील. आणि मग सगळ्यांत आधी स्वतःच्या उसाचं पाणी तोडेल."

"बघा!" बाई रामहरींना म्हणाली.

"ऊस बी हाय का त्याला?" रामहरींनी विचारलं. "नाटकात न्हाय आला."

"आहे," रुबिना म्हणाली, "दोन एकर," आणि लोहारा येईपर्यंत ती त्यांना आबाजीच्या शेतातलं काय काय सांगत राहिली.